गॉर्टनची इंजिनं आणि धमतरीची छोटी लाइन

मँचेस्टर शहरात लिव्हरपूल रोड नावाचं एक स्टेशन आहे. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांना जोडणारी रेल्वे सुरू झाली, तिचं मँचेस्टरकडचं टोक म्हणजे हे स्टेशन. जगात आज उभ्या असलेल्या प्रवासी टर्मिनसांमध्ये हे सर्वांत जुनं. १८४४ मध्ये प्रवासी गाड्या दुसरीकडे गेल्या, पुढे १९७५ पर्यंत इथे मालाची चढउतार चालू राहिली आणि १९८३ पासून या आवारात विज्ञान आणि उद्योगाचं संग्रहालय आहे. प्रवेश मोफत. त्या शहरात पाऊस फार, आणि नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्या कुटुंबांना मुलांना घेऊन जायला छप्पर असलेली जागा लागते. रायपूरहून माझे आई-बाबा आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही त्यांना घेऊन तिथेच गेलो.

बाबांचा जन्म रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातला. आझाद चौक, कंकाली तलाव, तात्यापारा, बुढापारा हे त्यांचं जग. रेल्वेत त्यांनी कधी नोकरी केली नाही, पण शहराच्या मधून जाणाऱ्या छोट्या लाइनशेजारी जे लहानाचे मोठे झाले, त्यांना रुळांचं जे प्रेम असतं ते त्यांनाही आहे. संग्रहालयातल्या जुन्या माल-शेडमध्ये, ज्याला तिथे पॉवर हॉल म्हणतात, इंजिनं ओळीने उभी होती. बाबा एका काळ्या इंजिनासमोर थांबले. पाटीवर पाकिस्तान रेल्वेचा क्रमांक होता, ३१५७. त्यांनी पाटी वाचायच्या आधी रुळांकडे पाहिलं, इंजिनाच्या समोर उभं राहून दोन्ही हात आडवे पसरले आणि म्हणाले, "हे आपलं गेज."

खरंच तसं होतं. माणसाचे पसरलेले हात साधारण त्याच्या उंचीएवढे भरतात. बाबांची उंची साडेपाच फूट. भारतातल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतरही साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. इंग्लंडात आणि जगाच्या बऱ्याच भागात चालतं ते गेज १४३५ मिलिमीटरचं, आपल्यापेक्षा जवळजवळ पाव मीटरने अरुंद. त्यामुळे ते इंजिन ज्या देशात बनलं, त्या देशाच्या रेल्वेमार्गावर ते कधी धावूच शकलं नसतं. १९११ मध्ये ते व्हल्कन फाउंड्रीत तयार झालं, अखंड भारताच्या नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठी. फाळणीनंतर ते पाकिस्तानच्या वाट्याला आलं, आणि आयुष्यभर चालून झाल्यावर जिथे जन्मलं त्याच्या जवळ परत आलं.

व्हल्कन फाउंड्री न्यूटन-ल-विलोज या गावी होती. ते गाव याच लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावर, दोन शहरांच्या मध्ये आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे जी गाडी निघाली, तिला लावलेली साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनं याच कारखान्यातली. मराठी मुलांना शाळेत ती तारीख पाठ असते. ती इंजिनं कुठे बनली हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. मी मुलांना ते तिथे, त्या रुळांपाशी सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं की इतिहासाला असा हात लावता आला की तो वेगळाच समजतो.

साडेपाच फुटांचं गेज आलं कुठून? गव्हर्नर जनरल डलहौसीला सहा फूट हवं होतं. रुंद गाडी वादळवाऱ्यात जास्त स्थिर राहील, इंजिनाच्या भट्टीला जागा मिळेल, असा विचार होता. इंग्लंडात चालतं तेच घ्यावं असं मानणारेही होते. तडजोड होऊन साडेपाच फूट ठरलं. त्या ठरावाने देशाला भक्कम मुख्य मार्ग दिले, पण ते महाग पडले. म्हणून १८७० नंतर मीटरगेज आलं, आणि जिथे तेही परवडणार नव्हतं तिथे अडीच फुटांचं, म्हणजे ७६२ मिलिमीटरचं नॅरोगेज. रायपूरच्या छोट्या लाइनचं गेज हेच.

त्याच शेडमध्ये पेंडर नावाचं एक छोटं इंजिन होतं. १८७३ मध्ये आइल ऑफ मॅन या बेटावरच्या रेल्वेसाठी बनवलेलं, तीन फुटांच्या गेजचं. माझी धाकटी मुलगी त्याच्या रुळांमध्ये आडवी मावली असती एवढं ते अंतर. या इंजिनाची एक बाजू उभी कापून आतलं सगळं उघडं केलं आहे, आणि मला विचाराल तर वाफेचं इंजिन समजून घ्यायला याहून चांगली सोय नाही. मागे भट्टी. भट्टीतला धूर आणि उष्ण वायू सरळ बाहेर जात नाहीत. बॉयलरमधून गेलेल्या लांबलचक नळ्यांतून पुढे सरकतात. नळ्यांच्या भोवती पाणी. पाण्याची वाफ होते, ती वर साठते, तिथून सिलिंडरमध्ये येते, दट्ट्या ढकलते, दट्ट्या चाक फिरवतो. आता यातली खरी हुशारी पुढे आहे. काम करून झालेली वाफ वाया न घालवता धुराड्यातून जोराने वर सोडतात. ती जाताना आपल्याबरोबर धूर ओढून नेते, त्यामुळे नळ्यांतून वारा खेचला जातो आणि भट्टी आणखी फुलते. इंजिन जितकं जास्त राबेल तितकी आग आपोआप भडकते. लहानपणी आपण जो छुक-छुक आवाज काढतो, तो या वापरलेल्या वाफेचा प्रत्येक हुंकार.

बाबा मुलाला एकेक नळी दाखवत होते. "नाना, इतक्या नळ्या कशाला? एकच मोठी का नाही?" मुलाने विचारलं. प्रश्न योग्य होता. एका मोठ्या नळीपेक्षा अनेक बारीक नळ्यांचा पृष्ठभाग कितीतरी जास्त भरतो आणि तेवढी जास्त उष्णता पाण्यात उतरते. १८२९ मध्ये स्टीफन्सनच्या रॉकेट या इंजिनाने इंजिनांची स्पर्धा जिंकली, त्यामागे हेच एक मोठं कारण होतं.

पण आमचा खरा वेळ गेला तो शेडमधल्या सर्वांत अजस्र यंत्रापाशी. दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेचं जीएल वर्गातलं २३५२ क्रमांकाचं गॅरेट इंजिन. १९२९-३० मध्ये मँचेस्टरच्याच गॉर्टन भागात, बायर पीकॉक कंपनीच्या कारखान्यात बनलेलं. दक्षिण गोलार्धातलं सर्वांत ताकदवान वाफेचं इंजिन म्हणून या वर्गाचं नाव होतं. अशी आठच इंजिनं बनली, आणि ती नाताळ प्रांतात कोळशाच्या गाड्या ओढायला गेली. रूळ मात्र साडेतीन फुटांचे. एवढा राक्षस इतक्या अरुंद रुळांवर उभा कसा राहतो, हे कोडं तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पडतं.

त्याचं उत्तर हर्बर्ट विल्यम गॅरेट या इंजिनिअरने १९०७ मध्ये पेटंट घेऊन दिलं. साध्या इंजिनात बॉयलर चाकांच्या वर बसवलेला असतो. त्यामुळे बॉयलर जाड करायचा तर चाकं आड येतात, भट्टी रुंद करायची तर चाकं आड येतात, आणि ताकद वाढवायला चाकं वाढवावीत तर इंजिन लांब होऊन वळणावर अडतं. गॅरेटने बॉयलर चाकांवरून काढलाच. पुढे चाकांचा आणि सिलिंडरांचा एक पूर्ण संच, मागे तसाच दुसरा, आणि दोघांच्या मध्ये बॉयलर टांगलेला. दोन भोयांनी खांद्यावर मेणा न्यावा तसा. वळण आलं की पुढचा संच एका दिशेने वळतो, मागचा आपल्या गतीने, मधला बॉयलर सरळ. बॉयलरखाली चाकं नसल्याने तो आखूड आणि जाड करता येतो, भट्टी खोल आणि रुंद होते. वजन इतक्या चाकांवर वाटलं जातं की हलक्या रुळांनाही ते पेलतं. पाणी आणि कोळसा या दोन्ही टोकांच्या संचांवर.

पहिली गॅरेट १९०९ मध्ये टास्मानियाला गेली, दोन फुटांच्या गेजवर. पुढे ती कंपनीने परत विकत घेतली, आणि नंतर ती वेल्समध्ये पर्यटकांच्या रेल्वेवर धावली. भारतात पहिली आली दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेत, १९११ च्या सुमारास. गॅरेट स्वतः १९१३ मध्ये वारला. त्याच्या इंजिनांनी आफ्रिकेत आणि आशियात जे राज्य केलं, ते त्याला पाहायला मिळालं नाही.

इथे ब्राह्मणपारा येतो. ज्या १९२९-३० मध्ये २३५२ क्रमांकाचं हे इंजिन गॉर्टनमध्ये उभं राहत होतं, त्याच सुमारास त्याच कारखान्यात बंगाल-नागपूर रेल्वेसाठी सोळा गॅरेट तयार होत होत्या. त्यांचा वर्ग एन. गेज आपलं, साडेपाच फूट. एकेका इंजिनाला चोवीस चाकं, त्यातली सोळा जोर लावणारी, वजन २३० टनांच्या घरात. भारतात धावलेल्या सर्वांत मोठ्या वाफेच्या इंजिनांत त्यांची गणना होते. कोळसा आणि खनिजाच्या जड मालगाड्या ओढणं हे त्यांचं काम. त्यांतलं ८१५ क्रमांकाचं इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलेलं आहे. ही बंगाल-नागपूर रेल्वे म्हणजेच रायपूरला आलेली रेल्वे. ब्राह्मणपाऱ्यातल्या घरांत बीएनआर ही तीन अक्षरं आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत.

रेल्वेच्या आधीचं रायपूर किती दूर होतं, याची एक चांगली आठवण इतिहासाने जपून ठेवली आहे. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, पुढचे स्वामी विवेकानंद, कलकत्त्याहून रायपूरला आला. वडील कामानिमित्त तिथे होते. अलाहाबाद, जबलपूर करत गाडी नागपूरपर्यंत पोचली. त्यापुढे रूळ नव्हते. जंगलातून बैलगाडीने पंधरवड्याहून जास्त प्रवास करून ते कुटुंब रायपूरला पोचलं आणि बुढापाऱ्यात राहिलं. बुढापारा ते ब्राह्मणपारा चालत जायचं अंतर आहे.

नंतरच्या चौदा वर्षांत सगळं बदललं. नागपूर-छत्तीसगड रेल्वे मीटरगेजवर राजनांदगावपर्यंत आली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ती लाइन घेतली, ब्रॉडगेज केली आणि पुढे नेली. १८९१ मध्ये नागपूरपासून रायपूर, बिलासपूरमार्गे आसनसोलपर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. १९०० मध्ये हावड्याची जोडणी झाली आणि मुंबई-कलकत्ता हा थेट रस्ता रायपूरच्या दारातून जाऊ लागला.

मराठी माणूस छत्तीसगडात रेल्वेच्या आधीपासून आहे. भोसल्यांचं राज्य इथे होतं. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत. पण रेल्वेने नागपूर एका रात्रीच्या अंतरावर आणलं, आणि १९५६ पर्यंत नागपूर हीच या मुलखाचीही राजधानी होती. कचेऱ्या, कोर्ट, कॉलेज, लग्नं, सगळं तिकडे. माधवराव सप्रे रायपूरचेच म्हणायचे. १९०० मध्ये पेंड्रा इथून 'छत्तीसगढ मित्र' काढणारा आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेणारा हा माणूस घरात मराठी बोलत होता. १९३५ मध्ये रायपूरला महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. या सगळ्या घडामोडींत नागपूरकडच्या गाडीचा वाटा मोठा आहे, आणि तो फारसा कुणी लिहीत नाही.

छोटी लाइनही १९०० सालचीच. रायपूरहून धमतरीला, आणि अभनपूरहून एक फाटा राजिमला. दोन्ही मिळून जवळपास नव्वद किलोमीटर. रायपूर सिटी, तेलीबांधा, माना, केंद्री, अभनपूर, कुरूद ही स्टेशनं बाबांना अजून ओळीने म्हणता येतात. धमतरीकडून लाकूड आणि तांदूळ येई, राजिमला माघात यात्रेकरू जात. वाफेची इंजिनं गेली, डिझेल आलं, वेग फारसा बदलला नाही. शहरातून गाडी जाताना रस्ते थांबायचे आणि त्याबद्दल तक्रार करणारे लोकच सुट्टीत मुलांना त्या गाडीत बसवायचे.

नॅरोगेजचा विचार आला की सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीकडे वळावं लागतं, आणि तिथून पुन्हा इंग्लंडला. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंजिनिअर अडीच फुटांच्या रेल्वेचा कट्टर पुरस्कर्ता. स्वस्त लाइन म्हणजे कमकुवत लाइन, हे मत त्याला खोटं ठरवायचं होतं. त्याने ठरवलं की इंजिन असो की डबा, कोणत्याही अ‍ॅक्सलवर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. म्हणजे रूळ हलके चालतात, पूल स्वस्त होतात आणि तरीही डबे मोठे करता येतात. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीकडच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली. आषाढीच्या किती वाऱ्या तिने पोचवल्या असतील! कॅल्थ्रॉपने नंतर विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवलं, इतका तो बहुढंगी होता.

बार्शीचं यश पाहून इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरच्या लोकांनी कॅल्थ्रॉपलाच बोलावलं. लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे त्याने बार्शीच्या अनुभवावर उभी केली. २७ जून १९०४ ला ती सुरू झाली. गेज तेच, अडीच फूट. दोन इंजिनं, समोर भलामोठा दिवा लावलेली, जसा हिंदुस्थानातल्या अंधाऱ्या माळरानावर लागतो तसा. डब्यांच्या टोकांना उघड्या गॅलऱ्या, अंगाला फिकट पिवळा रंग. दुधाचे कॅन घेऊन हिरव्या खोऱ्यातून ही गाडी जाई. मोठ्या गेजचा अख्खा वॅगन उचलून नॅरोगेजवर नेणारे खास नॅरोगेज वॅगनही तिथे होते. आपल्याकडे तंत्रज्ञान नेहमी साहेबाकडून आलं असं आपण मानतो. इथे बार्शीच्या माळावर तावूनसुलाखून निघालेली पद्धत साहेबाच्या देशात गेली, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ती खोऱ्यातली रेल्वे टिकली नाही. मोटारींपुढे तिचा निभाव लागला नाही आणि मार्च १९३४ मध्ये ती बंद झाली. पण रूळ काढल्यावर ती पट्टी पायवाट म्हणून राखली गेली आणि १९३७ मध्ये लोकांसाठी खुली झाली. मँचेस्टरहून गाडीने आम्ही तिथे गेलो. तेरा-चौदा किलोमीटरची वाट, नदीच्या कडेने. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, सायकलवाल्यांना सोपी, कारण गाडीला चालेल एवढाच चढ. ह्यूम एंड स्टेशनाच्या जागी माहिती केंद्र आहे. आई बराच वेळ त्या वाटेवर चालली. "आपल्याकडेही असं करता आलं असतं," एवढंच म्हणाली.

रायपूरची छोटी लाइन २०१७ मध्ये शहरातून उठली. तिच्या पट्टीवर स्टेशनापासून दक्षिणेकडे एक्स्प्रेस वे झाला. वाढत्या शहराला रस्ता लागतो, हे मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या पट्टीवर एखादं छोटं स्टेशन, एखादा सिग्नल, शंभर मीटर रूळ जागच्या जागी आणि त्यामागची गोष्ट सांगणारी पाटी ठेवायला फार जागा लागत नाही. ब्राह्मणपारा, तात्यापारा, बुढापारा इथल्या घराघरांत धमतरी-राजिमच्या प्रवासाचे फोटो, जुनी तिकिटं, रेल्वेतल्या आजोबांची बिल्ले असलेली टोपी आहे. ती आजच गोळा करायला हवीत, कारण ज्यांना स्टेशनांची नावं ओळीने म्हणता येतात ती माणसं आता सत्तरीपुढची आहेत.

लाइन स्वतः मात्र पूर्ण संपलेली नाही. अभनपूरकडचा मार्ग ब्रॉडगेज झाला, आणि मार्च २०२५ मध्ये रायपूर-अभनपूर मेमू गाडी सुरू झाली. ती तेलीबांध्यावरून नाही, मंदिर हसौदवरून फिरून जाते.

आणि नॅरोगेज पाहायला रायपूरकरांना मँचेस्टरला जायची गरज नाही. नागपूरच्या मोतीबागेत, बंगाल-नागपूर रेल्वेच्या जुन्या आवारात, १४ डिसेंबर २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. सातपुड्यातल्या गोंदिया, नैनपूर, जबलपूर या अडीच फुटी जाळ्याची इंजिनं, डबे, सिग्नल, कंदील, टोकन यंत्रं तिथे आहेत. मुलांना न्याल तेव्हा तीन गोष्टी जरूर करायला लावा. इंजिनाच्या बाजूची पितळी किंवा लोखंडी पाटी शोधा. तिच्यावर कारखान्याचं नाव, गाव आणि साल असतं, आणि त्या गावापासून आपल्या गावापर्यंतचा जहाजाचा रस्ता नकाशावर काढा. रुळांमधलं अंतर स्वतःच्या अंगाने मोजा. आणि फायरमनच्या जागी उभं राहून भट्टीचं दार किती खाली आहे ते पाहा. मे महिन्यात गोंदियापासून नैनपूरपर्यंत त्या दारात वाकून कोळसा टाकणाऱ्या माणसाचं काम काय होतं, ते त्याशिवाय कळत नाही.